चाकाखालचा दगड

वरच्या वस्तीवरून शाळेची गाडी निघायची, तर आधी तिच्या चाकाखालचा दगड निघावा लागे. तो काढण्याचा मान पहिलवानाचा. पहिलवान हे टोपणनाव. पोरगा इतका किरकोळ, की वारा सुटला की दप्तराच्या वजनामुळेच हा जमिनीवर राहतो, असं त्याची आईच म्हणायची. आत्या आपल्या जागेवर बसून ब्रेकवर पाय ठेवी आणि हाक मारी, "काढ रे." पहिलवान टाचेने एक लाथ हाणी, दगड टुणकन बाजूला पडे, आणि हा गडी कुस्ती मारल्यासारखे दोन्ही हात वर करून गाडीत चढे.

आत्या म्हणजे गाडीची चालक. ती खरी आत्या एकट्या चिमणीची, तिच्या भावाच्या पोरीची, पण एकीची आत्या ती सगळ्यांची आत्या, हा मुलांचा हिशेब. लहानपणी ती माझीच विद्यार्थिनी होती. मी निवृत्त झाले तरी लहान मुलांना शिकवायला अजून शाळेत जाते, आणि जाते ती तिच्याच गाडीतून.

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे कुणी हँडब्रेक ओढून ठेवत नाही. रात्रीत त्याची तार गोठते आणि सकाळी ब्रेक सुटता सुटत नाही. म्हणून वरच्या रस्त्यांवरच्या सगळ्या चालकांची एकच रीत: गाडी उतारावर उभी केली की खटका चारावर, गिअर पहिला, आणि चाकाला दगड. गाडीला धरून ठेवतो तो गिअर. दगड आपला मनाच्या समाधानासाठी.

हा खटका काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाडीच्या पोटात, गिअरबॉक्सच्या मागे, आणखी एक लोखंडी पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. मुलांना मी असं सांगते, की इंजिन रांधतं आणि ही पेटी वाढते. दोनावर असेल तर फक्त मागच्या दोन चाकांच्या ताटात. चारावर असेल तर चौघांच्या. न्यूट्रलवर असेल तर कुणालाच नाही. इंजिन कितीही राबो, सगळी चाकं उपाशी. त्याच्याही पुढे आणखी एक खूण असते, हळू चार, फार चढ असला तर लागणारी. आत्याच्या हाताशी एक गोल खटका होता, त्याच्यावर ह्या खुणा ह्याच क्रमाने होत्या: दोन, चार, न्यूट्रल, हळू चार. खटका फिरवला की एक छोटी मोटर आतल्या पेटीला त्या त्या जागी सरकवायची.

त्या मोटरीत पाणी शिरतं, असं कंपनीच्या लक्षात आलं, आणि त्या बनावटीच्या साऱ्या गाड्या तिने परत बोलावल्या. ह्याला रिकॉल म्हणतात: आपली चूक आपणच ओळखून, आपल्याच खर्चाने दुरुस्त करून देणं. माणसांत ही पद्धत अजून यायची आहे. आत्या गाडी घेऊन खाली मोठ्या गावातल्या सर्व्हिस सेंटरला गेली, नवी मोटर बसवून घेऊन परत आली, आणि तिथून गाडीचं काहीतरी बिनसलं.

आमच्या रस्त्यावर एक वळण आहे. हात दुमडावा तसा रस्ता तिथे दुमडतो, म्हणून त्याचं नाव कोपर. पूर्वी आत्या कोपरावरून अशी गाडी न्यायची, की मागे झोपलेलं पोर कूस बदलत नसे. आता तिथे गाडी कण्हायला लागली. चाकं कुईं करून ओरडायची, मग पोटातून धप्प असा आवाज यायचा आणि गाडी खांदा उडवायची. लहान मुलांना मळमळायला लागलं. टायर कडेने खरवडले गेले. आईबापांनी विचारलं, "हल्ली ही अशी का चालवते?"

आत्या पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेली. परत आली तेव्हा मी फाटकातच उभी होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कॉम्प्युटरला विचारलं, गाडी ठणठणीत आहे. म्हटलं, मग कॉम्प्युटरलाच मागच्या सीटवर बसवा आणि कोपरावरून आणा. त्याला उलटी झाली की मला कळवा."

"आणि?"

"आणि काय. हसले आणि लिहून दिलं, दोष नाही, चालवण्याची पद्धत तपासावी."

ते वाक्य शाळा समितीपर्यंत पोचलं. समितीचे अध्यक्ष माझे धाकटे दीर. घरात मला वहिनी म्हणतात, समितीत बाई. माणूस वाईट नाही, पण एकदा मत झालं की ते सिमेंटसारखं. ओलं असेतो काय करायचं ते करून घ्यावं.

"वहिनी," ते म्हणाले, "गाडी चांगली आहे असं कंपनी म्हणते. मग उरतं कोण?"

"भावोजी, इतकी वर्षं तिने ह्याच रस्त्यावर गाडी चालवलीय."

"तेच तर. माणूस थकतो. शनिवारी समिती बसते आहे. दुसरा चालक तयार आहे, पण तो वरच्या रस्त्यावर जाणार नाही म्हणतो. वरच्या मुलांची सोय वसतिगृहात करू. तिथे जेवणबिवण चांगलं असतं."

म्हणजे शनिवारी आत्याच्या हातून स्टिअरिंग जाणार होतं, आणि तिच्यापाठोपाठ वस्तीतली मुलं घरांतून जाणार होती. वस्तीत ही बातमी कुणी मोठ्याने बोललं नाही. चिमणीने मात्र मला एकदा विचारलं, "बाई, वसतिगृहात खिडकी असते का?" मी असते म्हटलं. ती म्हणाली, "पण तिच्यातून आपली वस्ती नाही ना दिसणार."

शुक्रवारी माझा तास होता. धडा वेगळाच ठरला होता, पण मुलांचं लक्ष धड्यात नव्हतं, माझंही नव्हतं. बाहेर अंगणात एक लांब बाक पडलेलं होतं. ते आत आणायचं होतं. मी म्हटलं, चला, हे बाक आणू या. पुढे दोघं, मागे दोघं.

चौघं बाक घेऊन निघाले. व्हरांड्याच्या कोपऱ्यावर वळताना पुढचे दोघं लांबून फिरले, मागचे दोघं जवळून. बाक सहज वळलं. मी त्यांना परत पाठवलं.

"आता मी टाळी वाजवीन. प्रत्येक टाळीला चौघांनीही सारखंच पाऊल टाकायचं. पुढच्यांनी जास्त नाही, मागच्यांनी कमी नाही."

सरळ व्हरांड्यात हे छान जमलं. मुलं कवायत केल्यासारखी ऐटीत चालत होती. कोपरा आला आणि गंमत सुरू झाली. पुढच्यांना पाऊल पुरेना, मागच्यांना उरायला लागलं. पुढचे ओढताहेत, मागचे ढकलताहेत, बाक मध्येच तिरकं अडकलेलं, आणि सगळ्यांचे बूट फरशीवर घासून आवाज करताहेत. कुईं.

"पाऊल सारखं," मी टाळी वाजवत म्हटलं.

"बाई, सारखं टाकलं तर वळताच येत नाही," मागून एक जण ओरडला. त्याचा पाय घसरला, बाक धप्पकन पुढे गेलं आणि चौघं भिंतीला टेकले.

सगळा वर्ग हसत होता. हसत नव्हती ती प्रश्नपत्रिका. ह्या मुलीला हे नाव वर्गानेच दिलेलं. दिवसभर तिच्या तोंडातून प्रश्नच बाहेर पडायचे. ती म्हणाली, "बाई, हा आवाज कुठेतरी ऐकलाय."

"कोपरावर," चिमणी हळूच म्हणाली. "आधी कुईं, मग धप्प."

मी खडू घेतला आणि फळ्यावर वळणावरची गाडी काढली. पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून. दोनावर असताना पुढची जोडी सुटी असते, आपल्या पावलाने चालते. चारावर ती पेटी दोन्ही जोड्यांना एकत्र बांधते. टाळीला सारखं पाऊल. चिखलात, बर्फात चाक थोडं घसरतं, त्यामुळे निभावून जातं. कोरड्या रस्त्यावर घसरायला वाव नाही. म्हणून चाक ओरडतं.

"म्हणजे आत्या कोरड्या रस्त्यावर चारावर चालवते?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

"नाही चालवत," चिमणी म्हणाली. तिचा आवाज एकदम मोठा झाला. "मी तिच्याशेजारी बसते. खटका दोनावर असतो. रोज बघते मी."

"मग खोटं कोण बोलतं? खटका की चाकं?"

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. "चाकं कशी बोलतील? ती तर जमिनीला धरून असतात. खटका नुसता वर बसून सांगतो."

मी काही बोलणार, तोच पहिलवान उभा राहिला. चेहरा पडलेला.

"बाई, मग दगडाचं काय?"

"कुठल्या दगडाचं?"

"चाकाखालच्या. हल्ली माझ्या लाथेने निघत नाही. सगळे म्हणतात, मी रोडावलो. मी नाही रोडावलो, दगडच अडकतो. नुसता आवळून बसलेला असतो. आत्या गाडी जरा मागे घेते, तेव्हा सुटतो."

"कधीपासून?"

"गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हापासून."

मुलं त्याला आठवडेच्या आठवडे चिडवत होती. दूध पी, म्हणत होती. मीसुद्धा हसले होते. पण त्या पोराने आपल्या ताकदीवरचा विश्वास सोडला नव्हता, आणि म्हणूनच त्याने दगडाकडे नीट बघितलं होतं.

"गाडीला रात्रभर कोण धरून ठेवतं?" मी वर्गाला विचारलं.

"गिअर."

"मग दगडावर भार किती यायला हवा?"

"थोडाच," प्रश्नपत्रिका म्हणाली आणि थांबली. "आणि सगळा भार दगडावर येत असेल, तर मग गिअर धरत नाहीये. पण बाई, खटका चारावर असतो ना? चारावर चौघांना धरायला हवं ना? मग कुणालाच का धरत नाही?"

मी फळ्यावर चारही खुणा लिहिल्या. दोन, चार, न्यूट्रल, हळू चार. आणि खडू खाली ठेवून मागे सरकले. शिकवताना एक वेळ अशी येते, की उत्तर आपल्या ओठावर असतं आणि ते तिथेच दाबून धरावं लागतं.

चिमणी फळ्यापाशी आली. दोन ह्या शब्दावर तिने बोट ठेवलं. "खटका इथे असतो, तेव्हा गाडी चारासारखी वागते." बोट चारावर गेलं. "खटका इथे असतो, तेव्हा न्यूट्रलसारखी." ती वळली. "बाई, परीक्षेच्या दिवशी झालं होतं तसं. पहिला मुलगा चुकून दुसऱ्या बाकावर बसला, मग दुसरा तिसऱ्यावर, असे सगळे एकेक बाक सरकले. आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण बरोबर बसलोय."

वर्गात कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मीही वाजवली, पण माझं लक्ष खिडकीबाहेरच्या आभाळाकडे गेलं. वर बर्फ पडणार असा अंदाज होता. बर्फ पडला की कोपराच्या पुढच्या चढावर आत्या खटका चारावर नेते. गाडी मुलांनी भरलेली, मागे उतार, आणि ऐन चढावर सगळी चाकं उपाशी.

शाळा सुटल्यावर मी आत्याला गाडीपाशी गाठलं. मुलांनी मला बोलूच दिलं नाही. तिघं एकदम सांगत होती, बाक, बूट, फळा, दगड. आत्या खिडकीवर कोपर टेकून ऐकत होती. आधी हसत होती, मग हसू ओसरलं.

"म्हणजे रोज रात्री ही गाडी माझ्या दारात नुसत्या एका दगडावर उभी होती," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी आपली खुशाल झोपत होते." तिने पहिलवानाकडे बघितलं. "तुला चिडवत होते रे सगळे. मी पण."

"मी मोठा झाल्यावर बघून घेईन," पहिलवान म्हणाला.

"बघ. तोवर एक दगड आणखी शोधून आण. चांगला मोठा."

त्या संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी राहिली, दोन दगडांवर, आणि तार गोठली तर गोठो म्हणून हँडब्रेकही ओढलेला. सकाळी आत्याने खटक्याला हात न लावता, कोपरावर अगदी पायी चालल्यासारखी, गाडी शाळेत नेली.

शाळेच्या अंगणात समिती खुर्च्या मांडून बसली होती. आईबाप भिंतीला टेकून उभे होते. भावोजींनी सर्व्हिस सेंटरच्या इंजिनिअरलाही बोलावून घेतलं होतं, म्हणजे पुन्हा वाद नको. तो तरुण होता, नेटका, बोलायला मऊ. त्याने गाडीला लॅपटॉप जोडला आणि पडदा सगळ्यांना दाखवला.

"खटका दोनावर, मोटर दोनावर. दोष काही नाही."

"झालं तर मग," भावोजी म्हणाले.

"नाही झालं," आत्या म्हणाली. "भावोजी, जरा बाह्या वर करा." माझं बघून सगळी वस्तीच त्यांना भावोजी म्हणते, त्यांना ते आवडत नाही, पण इलाज नाही.

तिने मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, जॅक लावून पुढचं एक चाक उचललं. "साहेब, तुम्ही सांगा. गाडी दोनावर असली तर हे चाक हाताने फिरेल का?"

"फिरेल. पुढची चाकं मोकळी असतात," इंजिनिअर म्हणाला.

"फिरवा, भावोजी."

भावोजींनी एका हाताने फिरवून बघितलं. मग दोन्ही हातांनी. मग पाय रोवून. चेहरा लाल झाला, चाक तसंच. भिंतीपाशी कुणीतरी खोकलं. इंजिनिअर पुढे आला, त्याने स्वतः जोर लावला, मग उठून तो लॅपटॉपकडे आणि चाकाकडे आळीपाळीने बघत राहिला.

"ब्रेक चिकटला असेल," भावोजी धापा टाकत म्हणाले.

"असेल," आत्या म्हणाली. तिने जॅक उतरवला, दगड काढले, गाडी चालू केली, खटका चारावर फिरवला, इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला. हँडब्रेक सोडला. अंगण तळहातासारखं सपाट होतं. "आता सांगा साहेब. खटका चारावर, गिअर पहिला. ढकलली तर हलेल?"

"हत्ती लावला तरी हलणार नाही."

"हत्ती नाही आमच्याकडे. पहिलवान आहे."

लोक हसले. पहिलवान पुढे आला. त्याने दप्तर काढून चिमणीच्या हातात दिलं, तळहातांवर फुंकर मारली आणि गाडीच्या पाठीला खांदा लावला. आत्या आत बसली होती, पाय ब्रेकच्या वर तयार. पहिलवानाने जोर लावला. गाडी हलली नाही. त्याने पुन्हा लावला. बूट मागे घसरले. भिंतीपाशी हसू वाढलं, आणि त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

चिमणीने दप्तर खाली ठेवलं. ती गेली आणि त्याच्या शेजारी तिने खांदा लावला. मग प्रश्नपत्रिका गेली. मग वरच्या वस्तीची सगळीच मुलं भिंतीपासून सुटली आणि गाडीच्या पाठीला मुंग्यांसारखी चिकटली. प्रश्नपत्रिका म्हणाली, "टाळी लागेल. बाई, टाळी."

मी टाळी वाजवली.

पहिल्या टाळीला गाडी कुरकुरली. दुसरीला जरा डुलली. तिसरीला तिची चाकं फिरली. पहिल्या गिअरमध्ये, खटका चारावर असलेली ती जडशीळ गाडी, हत्तीला न हलणारी, अंगणातून शांतपणे चालायला लागली. इंजिनातून हूं नाही की चूं नाही. ती समितीच्या रिकाम्या खुर्च्यांच्या दिशेने निघाली आणि भावोजींनी जाऊन आपली खुर्ची उचलली, तेव्हा आत्याने ब्रेक दाबला.

पहिलवान गाडीच्या पाठीपासून सुटला. मग त्याने दोन्ही हात वर केले.

जो गलका झाला तो मी लिहीत नाही. लिहून तो कानाला ऐकू येणार नाही. इंजिनिअर मात्र त्यात नव्हता. तो स्वच्छ कपड्यांनिशी गाडीखाली आडवा झाला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला माती लागलेली होती आणि चेहरा उजळला होता. उत्तर दिसायला लागलं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी इतकी वर्षं बाकांवर बघत आले आहे.

"एक सांगा," त्याने आत्याला विचारलं, "आमच्याकडे गाडी सोडलीत, तेव्हा खटका कुठे होता?"

"चारावर. तुमच्या दारात उतार आहे. उतारावर गाडी चारावरच सोडायची."

"असं कोण करतं?"

"आमच्याकडे सगळेच."

त्याने गाडीच्या चाकावर हात ठेवला. "आमच्याकडे रीत अशी, की आधी बॅटरी काढायची. मग सूचनेप्रमाणे खटका दोनावर करायचा आणि मोटर बदलायची. पण बॅटरी काढल्यावर खटका फिरवला, तर नुसता खटकाच फिरतो. आतली पेटी चारावर होती ती चारावरच राहिली. आणि नव्या मोटरीला आम्ही पहिला धडा दिला, की तू आहेस ते दोन."

"ती बिचारी तेच पाठ म्हणत बसली," मी म्हटलं.

"आणि आमचा कॉम्प्युटर तिलाच विचारत होता, बाई. सपाटीवरच्या गाड्या दोनावर येतात, म्हणून तिथे कधी चुकलं नाही." मग तो मुलांकडे वळला. "दगडाचं कुणी ओळखलं?"

सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली.

त्याने तिथल्या तिथे कोट काढला. अवजारं त्याच्या गाडीत होती. मोटर उतरवून त्याने आतला दांडा हाताने खऱ्या दोनावर आणला, मोटर पुन्हा बसवली आणि तिला धडा पहिल्यापासून दिला. मुलं गोल करून बसली होती. प्रश्नपत्रिकेने त्याला इतकं विचारलं, की शेवटी तो म्हणाला, "तू मोठी झालीस की आमच्याकडे ये, म्हणजे मी सुटीवर जाईन." आणि काम संपताच, हात पुसायच्या आधी, त्याने सर्व्हिस सेंटरला फोन लावला. "वरच्या रस्त्यांवरून रिकॉलला आलेल्या सगळ्या गाड्यांच्या मालकांना आत्ता फोन करा. सांगा, तपासून होईपर्यंत खटका चारावर नेऊ नका. आपण दुरुस्त केलेल्याच आपण परत बोलावतोय. हो, मीच सांगतोय."

भावोजी खुर्ची अजून हातात धरूनच होते. त्यांनी ती जमिनीवर ठेवली, पण बसले नाहीत.

"पुन्हा उचला चाक," ते म्हणाले. आत्याने उचललं. त्यांनी एक बोट लावलं आणि चाक चक्रीसारखं फिरलं. चाक थांबेपर्यंत ते बघत राहिले.

"समितीचा निर्णय असा," ते घसा साफ करून म्हणाले, "की वरची फेरी चालू राहील. चालक बदलायचं कारण उरलेलं नाही."

"म्हणजे मी थकले नाही?" आत्या म्हणाली.

"मी कुठे म्हटलं?"

"म्हटलंत भावोजी, वहिनींपाशी. वस्तीत भिंतींनासुद्धा कान आहेत."

"बरं, चुकलं माझं. आज मी पण वर येतो गाडीतून. मागच्या सीटवर."

"या. पिशवी आणा सोबत, मळमळलं तर."

आणि ते आले. चिमणी पुढे आत्याच्या शेजारी, भावोजी मागे मुलांच्या गर्दीत गुडघे पोटाशी घेऊन. कोपर जवळ आलं तशी सगळ्यांनी पुढच्या सीटची कड धरली. आत्याने गाडी वळवली. चाकं ओरडली नाहीत. धप्प नाही, उडी नाही. मागे एक लहान मुलगी भावोजींच्या दंडावर डोकं टेकून झोपली होती. तिने कूस बदलली नाही. कोपर संपलं आणि मग गाडीत जो आरडाओरडा झाला, त्याने ती जागी झाली.

पुढच्या चढावर बर्फाचा पातळ थर होता. अंदाज खरा ठरला होता. आत्या थांबली, तिने खटका चारावर नेला. तिचा हात खटक्यावरून लगेच निघाला नाही, हे चिमणीने आणि मी पाहिलं. मग तिने गिअर टाकून पाय हळूच उचलला. चारही चाकांनी जमीन धरली आणि गाडी चढाला भिडली, घसरली नाही, डगमगली नाही, वस्तीच्या पहिल्या घरापर्यंत एका दमात गेली. घरांच्या दारांत माणसं उभी होती. कुणीतरी खालून फोन केला असावा. आत्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली ती आपल्या दारापर्यंत थांबवलीच नाही.

सोमवारी सकाळी वस्ती पांढरी झाली होती. मी शाल लपेटून गाडीपाशी आले, तर आज पहिलवानाच्या भोवती सगळी मुलं आधीच उभी. भावोजीही होते, बर्फामुळे शनिवारपासून वरच राहिले होते. खटका चारावर, गिअर पहिला, चाकाखाली दगड, जुनाच.

आत्या आत बसली, ब्रेकवर पाय ठेवला.

"काढ रे."

पहिलवानाने टाच उचलली, मग विचार बदलला. त्याने बुटाच्या टोकाने दगडाला नुसता धक्का दिला. दगड टुणकन उडाला आणि बर्फावरून गडगडत थेट भावोजींच्या पायापाशी जाऊन थांबला.

भावोजींनी तो उचलला, बर्फ झटकला आणि दोन्ही हातांनी पहिलवानाला परत दिला. "ठेव," ते म्हणाले. "संध्याकाळी लागेल."